पंच्याऐंशीची रेघ

३ जानेवारी

बाबांच्या कंपनीनं गाड्यांचा विभाग बंद केला त्याला आज दोन महिने झाले. बावीस वर्षं ते तिथे ड्रायव्हर होते. आता एक काम दिसतं आहे. डायलिसिस केंद्राला पेशंटची ने-आण करायला वर्षाच्या करारावर ड्रायव्हरसकट गाडी हवी आहे. गाडी इलेक्ट्रिकच पाहिजे, कारण केंद्राचं फाटक वॉर्डाच्या खिडक्यांखाली आहे आणि त्यांना धूर नको. मुदत ३१ जानेवारी. नवी गाडी आपल्या आवाक्यात नाही, म्हणजे जुनी बघायची.

बाबा म्हणाले, "इंजिनाची गाडी मी आवाजावरून सांगितली असती. ही मुकी. हिचं तूच बघ. तू हो म्हणालीस की घेऊ, नाही म्हणालीस की विषय संपला."

मी बॅटऱ्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चौथं वर्ष काम करते आहे, त्यामुळे हे माझ्याकडेच येणार होतं. मी अट सांगितली. नवी असताना बॅटरीत जेवढी वीज मावायची त्याच्या किती टक्के आज मावते, ते तिचं आरोग्य. पंच्याऐंशीच्या खाली असेल तर मी हो म्हणणार नाही.

आई मशीनवर कुणाच्या तरी पडद्याची कड शिवत होती. "पंच्याऐंशीच का? चौऱ्याऐंशीनं काय घोडं मारलंय?"

"कुठेतरी रेघ मारावी लागते."

"मार बाई. शाळेत पट्टी हरवली की दिवसभर जेवायची नाहीस तू."

हे खरं नाही. पट्टी एकदाच हरवली होती.

९ जानेवारी

पहिली गाडी. जुन्या गाड्यांचा व्यापारी, पत्र्याच्या शेडमध्ये दुकान. गाडीच्या पडद्यावर आरोग्य शहाण्णव टक्के, बॅटरी काठोकाठ भरलेली. सहा वर्षांच्या गाडीला शहाण्णव म्हणजे कुणीतरी मोजणी पुसून पुन्हा सुरू केली असणार. मी म्हणाले, पंधरा टक्क्यांवर आणून दाखवा.

"रिकामी गाडी कोण दाखवतं हो? उपाशी नवरदेव कुणी मांडवात उभा करतं का?"

भरलेल्या बॅटरीत सगळे सेल सारखेच दिसतात. खरं काय ते रिकामी होत आली की कळतं. बाबांनी त्याला गोडीगुलाबीनं राजी केलं आणि आम्ही गाडी बाहेर काढली. सगळी सकाळ फिरवली. अठरा टक्क्यांवर असताना सेलच्या एका गटानं मान टाकली आणि दोन किलोमीटरमध्ये अठराचे चार झाले. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. व्यापारी टो करायला आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

परत येताना बाबा बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "ही माझी मुलगी. बॅटरीची डॉक्टर आहे. आज मला खड्ड्यातून काढलं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. असं चारचौघांत बोललेलं मला आवडत नाही.

१६ जानेवारी

दुसरी गाडी. पांढरी, चार वर्षांची, एका डेंटिस्टची. पहिलाच मालक. आठला त्यांचं क्लिनिक उघडतं, म्हणून सकाळी बोलावलं आणि तासभरच देता येईल म्हणाले. बाबांनी माझी ओळख करून दिली, तीच, डॉक्टर वगैरे.

"वा! मी दातांचा, ही बॅटरीची," डेंटिस्ट हसले आणि मला म्हणाले, "बेबी, तू गाडीत बसून सगळी बटणं वगैरे बघ हां. मी बाबांशी व्यवहाराचं बोलतो."

मला त्याचं काही वाटलं नाही. इथे लिहिते आहे ते नोंद पूर्ण असावी म्हणून.

तासाभरात बॅटरी पूर्ण रिकामी करून बघणं शक्य नव्हतं. म्हणून छोटी चाचणी केली: एकदम जोर द्यायचा, व्होल्टेज किती पडतो ते बघायचं आणि त्यावरून आरोग्य काढायचं.

वेळ ६.४०. गाडी रात्रभर अंगणात, उघड्यावर. बॅटरीचं तापमान ७ अंश. चार्ज ६८ टक्के. दहा वेळा जोर देऊन पाहिलं. व्होल्टेजची घसरण अपेक्षेपेक्षा बरीच जास्त, दहाही वेळा जवळपास सारखी. सेलमध्ये आपसांत फरक नगण्य. आरोग्य ८१.

मी माझं काम करत होते तोवर बाबा खिशातून मोजायची टेप काढून मागची डिकी मोजत होते. केंद्रात जाऊन ते घडीच्या व्हीलचेअरचं माप घेऊन आले होते. मग पुढे बसून त्यांनी सीट पुढे-मागे केली, आरसे लावले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून उगाचच बसून राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक्याऐंशी."

"खुर्ची आत जाते. आडवीसुद्धा जाते." मग म्हणाले, "एक्याऐंशी म्हणजे अगदी चालणारच नाही का?"

"चालेल. पण मी हो म्हणणार नाही."

डेंटिस्ट म्हणाले, "अहो, गेल्या महिन्यात मी हिला घेऊन बहिणीकडे जाऊन आलो, वाटेत कुठे चार्जिंगला थांबलोसुद्धा नाही. बेबी, तुझं ते यंत्र एकदा तपासून घे."

यंत्र बरोबर होतं. मी तसं सांगितलं. बाबांनी आरसे पुन्हा पहिल्यासारखे केले आणि उतरले.

१७ जानेवारी

आई म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." बाबा म्हणाले, "असू दे. तिनं बघितलं म्हणजे बघितलं." मोजमाप सारखं आलं होतं, दहा वेळा. मोजमापावर मत देऊन उपयोग नसतो.

२९ जानेवारी

आणखी तीन गाड्या झाल्या. एकीची बॅटरी बदललेली, कागद नाहीत. एक ७४. तिसरी ८७ होती, पण डिकीत खुर्ची मावेना. बाबांनी टेप दोनदा लावून बघितली.

आज त्यांनी केंद्राला फोन केला. केंद्रवाले चार-पाच दिवस थांबतो म्हणाले. फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ चष्मा पुसत होते.

५ फेब्रुवारी

काम पैलवान काकांना मिळालं. पैलवान काका म्हणजे बाबांचे कंपनीतले जोडीदार. कधीकाळी आखाड्यात गेले असतील तेवढ्यावर नाव पडलं, आता दोन्ही गुडघे धरून जिना चढतात. त्यांनी गाडी घेतली आणि तीन दिवसांत करार केला. आज सांगायला घरी आले होते. गाडी खाली उभी होती. पांढरी. नंबर मला पाठ होता.

"डेंटिस्टचीच," ते म्हणाले. "तुम्ही सोडली असं कळलं म्हणून गेलो. राग नाही ना रे?"

"छे! राग कसला," बाबा म्हणाले. "तपासलीस का?"

"तपासली की. हॉर्न वाजवून बघितला."

बाबा हसले. आईनं चहाचा कप काकांपुढे जरा जोरात ठेवला. मी काकांना सांगितलं की बॅटरी एक्याऐंशीवर आहे, त्यांनी जपून वापरावी. सांगणं माझं कर्तव्य होतं.

"पोरी, मी स्वतः साठ टक्क्यांवर चाललोय. आमचं जमेल."

११ फेब्रुवारी

काकांच्या गुडघ्यांना दिवसभर गाडी चालवणं झेपेना. त्यांनी बाबांना ड्रायव्हर म्हणून बोलावलं. बाबा आजपासून जायला लागले. त्याच गाडीवर.

आई म्हणाली, "घोडं आपल्या दारात बांधायचं होतं. आता दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करा."

"काम काम असतं," बाबा म्हणाले. त्यांनी जुना इस्त्रीचा शर्ट काढला आणि खिशात छोटी वही ठेवली. कंपनीत रोजचे किलोमीटर आणि पेट्रोल लिहायचे, तशीच. आता एका रकान्यात किलोमीटर, दुसऱ्यात बॅटरी किती टक्के खर्च झाली ते.

माझा निर्णय तेव्हाच्या माहितीवर बरोबर होता. निकालावरून निर्णयाची परीक्षा करायची नसते. हे मी आज तीन वेळा मनाशी म्हटलं, म्हणून लिहून ठेवते.

१० मार्च

जेवताना बाबा म्हणाले, "आज एकशे शेहेचाळीस झाले. अर्धी बॅटरी शिल्लक होती."

मी समजावलं की पडद्यावरचा आकडा हा गाडीचा स्वतःचा अंदाज असतो, शिवाय ते शहरात संथ चालवतात. अशा नोंदींवरून आरोग्य काढता येत नाही. त्यात पद्धत नसते.

"असेल," ते म्हणाले. "मी आपलं सांगितलं."

मग एका आजींविषयी बोलत राहिले. आठवड्यातून तीनदा येतात, जाताना गप्पा मारतात, येताना मान टाकून झोपतात. बाबा गतिरोधकावर गाडी इतकी हळू घेतात की आजी जाग्या होत नाहीत. परवा आजींनी विचारलं म्हणे, गाडी तुमचीच का. बाबांनी काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२२ मार्च

प्रयोगशाळेत चाचणीच्या खोलीची वातानुकूलन यंत्रणा बिघडली. ती खोली कायम पंचवीस अंशांवर असते. आज सकाळी चौदा होती. सरांनी दिवसभराच्या सगळ्या चाचण्या रद्द केल्या. नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, अकरा अंशांनी एवढं काय बिघडतं? सर म्हणाले, "थंड बॅटरी म्हातारपणाचं सोंग घेते. जोर दिला की व्होल्टेज धाडकन पाडते. ऊन लागलं की पुन्हा तरुण. पंचवीस नाही तर आकडा नाही."

अगदी योग्य. आमच्याकडचे काही लोक असल्या बाबतीत ढिले असतात. सर नाहीत. मी दुपारी लवकर घरी आले.

१८ एप्रिल

पैलवान काकांचा फोन. केंद्राला आता संध्याकाळची फेरीही हवी आहे, पलीकडच्या गावापर्यंत. "दिवसाची सगळी धावपळ करून वर ती फेरी झेपेल का, ते मला सांग. तुझी ती पंच्याऐंशीची रेघ आहे ना? तिच्या वर असली तर शब्द देतो. आणि फेरी तुझ्या बाबांचीच. त्या फेरीचे पैसे सगळे त्यांचे, मी हात लावणार नाही. मी मेलो तरी संध्याकाळी गुडघे वाकवत नाही."

मी म्हणाले, एक्याऐंशी होती, तीन महिन्यांत वाढणार नाही.

"बघ तर एकदा नीट. परवा रविवार आहे, गाडी मोकळी. अख्खा दिवस घे."

मागे बाबा उभे होते. ते म्हणाले, "मी चालवतो, तू मोज."

२० एप्रिल

या नोंदीत काही वगळणार नाही.

सकाळी नऊ ते संध्याकाळी चार. बाबा चालवत होते, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. शहराबाहेरच्या रस्त्यावर जायचं, वळायचं, परत यायचं. शंभर टक्क्यांपासून दहापर्यंत. बॅटरीचं तापमान २६ अंश, दिवसभर. बाबा इतकं एकसारखं चालवतात की माझ्या आलेखाची रेघ खोलीतल्या यंत्रासारखी आली. मी तसं त्यांना सांगितलं. "बावीस वर्षं," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ चेहरा तसाच होता, खूश.

दहा टक्क्यांवर थांबलो तेव्हा बत्तीस युनिट निघाले होते. शंभर ते दहामध्ये नव्या बॅटरीतून छत्तीस निघतात. आरोग्य ८९.

मी पुन्हा भागाकार केला. मग जानेवारीची फाईल उघडली. ८१ कुठून आले होते ते बघायला फार वेळ लागला नाही. चौथाच रकाना. तापमान: ७.

मीच लिहिलं होतं. आमच्या खोलीत त्या रकान्यात नेहमी पंचवीस असतं. मी तो चार वर्षं रोज भरते आहे आणि कधी वाचलेला नाही, कारण वाचण्यासारखं त्यात काही नसतं. उघड्यावर रात्र काढलेली गाडी, पहाटेची वेळ, सात अंश. यावर ऊन येईपर्यंत थांबा म्हणायचं होतं. किंवा डेंटिस्टना म्हणायचं होतं, दुपारी गाडी द्या. ते द्यायला तयार झाले असते. मला त्यांच्याकडे दुपारी परत जायचं नव्हतं. हे आज लिहिते आहे. तेव्हा लिहिलं नव्हतं.

बाबांनी मीटर बघून वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी आकडा विचारला नाही.

पैलवान काका त्यांच्या फाटकात खुर्ची टाकून वाट बघत होते. "काय निकाल, डॉक्टरीणबाई? पास की नापास?"

लॅपटॉप उघडाच होता, पण पडदा माझ्याकडे होता. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, दमलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"ऐंशी," मी म्हणाले.

का ऐंशी, तर तीन महिन्यांत आरोग्य वाढत नाही, थोडं कमीच होतं. एक्याऐंशी म्हटलं असतं तर ते शास्त्राला धरून झालं नसतं. एवढा विचार करायला मला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

"आयला!" काकांचं तोंड पडलं. "मला वाटलं होतं बरी निघेल." मग बाबांकडे वळले. "तू रोज चालवतोस. तुला काय वाटतं? आज किती गेली?"

बाबांच्या हातात वही होती. अंगठा आत घालून धरलेली, त्याच पानावर.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. वही मिटून खिशात टाकली. "गेली बरीच. पण मला त्यातलं काय कळतंय. तिनं मोजलंय. तिनं मोजलं म्हणजे मोजलं."

"मग संध्याकाळची फेरी नाही म्हणून कळवतो."

"कळव."

परतताना आम्ही चालत आलो. बाबा म्हणाले, "तू तेव्हा नको म्हणालीस तेच बरं झालं. ऐंशीची गाडी गळ्यात पडली असती." मी हो म्हणाले. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "सात तास बसून होतीस, पाठ दुखत असेल." मी नाही म्हणाले.

उद्या काकांना फोन करून चूक झाली म्हणून सांगावं. एक वाक्य लागेल.

२१ एप्रिल

फोन केला नाही. काम फार होतं.

२७ एप्रिल

संध्याकाळची फेरी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला मिळाली. बाबा चारला घरी येतात आणि आईला पडदे इस्त्री करून देतात.

आज त्यांची वही टेबलावर होती. मी ती उचलली ती सहज. २१ तारखेपासून फक्त किलोमीटर आहेत. टक्क्यांचा रकाना आखलेलाच नाही. बावीस वर्षांची सवय अशी अर्धी सोडून देणं मला पटलं नाही, म्हणून मी विचारलं.

"ते लिहून काय करायचंय," इस्त्री फिरवत ते म्हणाले. "पडद्यावरचा आकडा अंदाजच असतो, तूच म्हणालीस. शिवाय तू मोजलीयस ना."

"मागची पानं कुठे आहेत?"

"आईला मापं लिहायला कागद हवा होता."

आई मशीनवर होती. ती सहसा काहीतरी बोलते. आज तिनं फक्त सुईत दोरा ओवला. तिच्या मापांची वही नेहमीच्या खिळ्याला टांगलेली होती, निम्मी कोरी.

मी पानं मोजली. बाबांच्या वहीच्या शिवणीत फाडलेल्या कडा राहिल्या आहेत, नऊ. ११ फेब्रुवारी ते २० एप्रिल. पट्टी लावून फाडली आहेत, अगदी सरळ.